कुटुंबवैद्याचे बालरोगशिक्षण : निमगाव केतकीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रश्नाचे स्वरूप

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर निमगाव केतकी हे गाव आहे. केतकेश्वराचे देवालय, नागवेलीचे पानमळे आणि आषाढी वारीत श्रीतुकाराममहाराजांच्या पालखीचा होणारा मुक्काम ही त्याची सर्वपरिचित ओळख होय. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने इंदापूर तालुक्याचा काही भाग बागायती झाला. ऊस आला, पाठोपाठ साखर कारखाने आले. उरलेला भाग मात्र दीर्घकाळ अवर्षणाच्या छायेतच राहिला. अशा गावात मूल आजारी पडले म्हणजे त्यास प्रथम कोणाकडे नेले जाते, असा प्रश्न केल्यास उत्तर साधे आहे : जो डॉक्टर जवळ असेल त्याच्याकडे. हा डॉक्टर बहुधा बालरोगतज्ज्ञ नसतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी असतो, किंवा बाजारपेठेत दवाखाना थाटलेला सामान्य व्यावसायिक असतो. धाप लागलेले तान्हे मूल रात्री त्याच्यासमोर आणले जाते, तेव्हा ते घरी ठेवून बरे होण्यासारखे आहे की ताबडतोब बारामतीस हलविले पाहिजे, ह्याचा निर्णय त्यास काही मिनिटांत करावा लागतो. हा निर्णय करण्यास त्याला कोणी, केव्हा आणि कोठे शिकविले, ह्याचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या प्रश्नास कुटुंबवैद्यक ह्या विद्याशाखेच्या उदयामुळे नवे महत्त्व आले आहे. वय, लिंग अथवा इंद्रिय ह्यांच्या भेदाने रुग्ण वाटून न घेता संपूर्ण कुटुंबाचे प्रथमोपचार व सातत्याची देखभाल करणे, हे ह्या शाखेचे कार्यक्षेत्र होय. 'फॅमिली डॉक्टर' ही संस्था महाराष्ट्रास नवी नाही. परंतु तिच्यासाठी पदव्युत्तर निवासी शिक्षण असावे ही कल्पना अलीकडची आहे. त्या शिक्षणात बालरोगांचा भाग किती असावा, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तो कोणत्या ठिकाणी शिकवावा, ह्या वादाची मुळे गेल्या शतकात सापडतात.

परवानाधारक वैद्य आणि भोर समिती

पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूलची स्थापना १८७८ साली झाली. ह्या व अशा इतर शाळांतून बाहेर पडलेले परवानाधारक वैद्य पदवीधर डॉक्टरांहून अल्पकाळ शिकलेले असत आणि त्यांचा दर्जाही कनिष्ठ मानला जाई. तथापि लहान शहरे व तालुक्यांची गावे ह्यांची पाश्चात्त्य वैद्यकाची गरज बव्हंशी त्यांनीच भागविली. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, त्यात देशातील नोंदणीकृत डॉक्टरांची संख्या सुमारे ४७,५०० दिली आहे. त्यांपैकी पदवीधर सुमारे १७,६५० आणि परवानाधारक सुमारे २९,८५० होते. म्हणजे दर पाच डॉक्टरांमागे तीन परवानाधारक, असे हे प्रमाण होते.

त्याच अहवालात बालमृत्यूचे जे चित्र आहे ते ह्या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती. आणि एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे होते. देशातील मृत्यूंचा निम्मा भार ज्या वयोगटावर पडत होता, त्या वयोगटाच्या रोगांस वैद्यकीय अभ्यासक्रमात मात्र औषधवैद्यकाचे एक प्रकरण एवढेच स्थान होते. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, त्याची शरीरक्रिया, औषधाची मात्रा व रोगाची गती ही निराळी असतात, हे तत्त्व सर्वमान्य असले तरी शिक्षणाच्या वेळापत्रकात ते उतरले नव्हते.

भोर समितीने परवानाधारकांची श्रेणी बंद करून सर्वत्र एकाच प्रकारचा 'मूलभूत डॉक्टर' तयार करावा, आणि त्यास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. परवानाधारकांच्या प्रश्नावर समितीतील काही सभासदांचे मत भिन्न होते. खेड्यांना लौकर डॉक्टर मिळावयाचे तर अल्पकाळाचे शिक्षण चालू ठेवले पाहिजे, असा त्या मताचा रोख होता. बहुमताची शिफारस पुढे अमलात आली. पुण्याच्या शाळेचे महाविद्यालयात रूपांतर १९४६ सालीच झाले. ह्या निर्णयाने शिक्षणाचा दर्जा निश्चितच उंचावला. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणामही घडला. जो डॉक्टर खेड्याकडे जाण्याची शक्यता अधिक होती त्याची शाळा बंद झाली, आणि जो नवा डॉक्टर घडू लागला त्याचे शिक्षण मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात, खाटेवरील रुग्ण पाहून होऊ लागले.

ही उणीव ग्रामीण महाराष्ट्रात अंशतः देशी वैद्यकाने भरून काढली. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक अंग असून काश्यपसंहिता हा त्यावरील प्रमुख ग्रंथ होय. १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्यांच्या नोंदणीस आरंभ झाला आणि पुढे आयुर्वेदाचे, तसेच होमिओपॅथीचे पदवीधर खेडोपाडी मोठ्या संख्येने सामान्य व्यवसाय करू लागले. होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आधुनिक औषधे देण्याची मुभा देणारी कायद्याची दुरुस्ती राज्याने २०१४ साली केली, आणि ती वादग्रस्त ठरली. ह्या वादात कोणास कोणते औषध लिहिण्याचा अधिकार असावा ह्यावर पुष्कळ चर्चा झाली. अत्यवस्थ मूल ओळखण्याचे शिक्षण सर्वच प्रकारच्या सामान्य वैद्यांना कसे मिळावे, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

एकाच वर्षी दोन संस्था

बालरोगशास्त्राची स्वतंत्र वाढ मुंबईत आधीच सुरू झाली होती. परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झाले, १९४० च्या दशकात बालआरोग्याच्या पदविकेचे शिक्षण मुंबईत मिळू लागले, आणि डॉ. जॉर्ज कोएल्हो ह्यांच्यासारख्या आद्य बालरोगतज्ज्ञांनी ह्या शास्त्रास व्यावसायिक प्रतिष्ठा मिळवून दिली. बालरोगतज्ज्ञांच्या दोन अखिल भारतीय संघटना एकत्र येऊन १९६३ साली 'इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ही संस्था स्थापन झाली व मुंबई हे तिचे मुख्य ठिकाण ठरले. तिचे नियतकालिक १९६४ पासून निघू लागले.

ह्याच १९६३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने सामान्य व्यावसायिकांच्या निरंतर शिक्षणासाठी आपले 'कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स' स्थापन केले. दोन्ही संस्थांनी आपापल्या क्षेत्रात मोठे कार्य केले, ह्यात संशय नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ह्या दोन घटनांचा एकाच वर्षी झालेला योग अर्थपूर्ण आहे. मुलांचे शास्त्र जाणणाऱ्यांनी आपले घर एकीकडे बांधले, मुलांना प्रथम पाहणाऱ्यांनी दुसरीकडे. आणि पहिल्यांचे ज्ञान दुसऱ्यांपर्यंत नेण्याचे कर्तव्य दोहोंपैकी कोणाच्याही मुख्य उद्दिष्टांत बसले नाही. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने सामान्य वैद्य हा रुग्ण पाठविणारा होता. सामान्य वैद्याच्या दृष्टीने बालरोगतज्ज्ञ हा रुग्ण ज्याच्याकडे पाठवावयाचा तो होता. मूल पाठविण्यापूर्वीचा जो काळ, त्यास शिक्षक उरला नाही.

ह्याच सुमारास खेड्यातील वैद्यकीय व्यवस्थेचा सांगाडा उभा राहत होता. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समूहविकास योजना सुरू झाली व तिच्या अनुषंगाने विकासगटांत प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही केंद्रे त्यांच्या कक्षेत आली. पुढे सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीस एक केंद्र असे प्रमाण ठरले. निमगाव केतकीसारख्या गावातील केंद्राचा अधिकारी ह्या व्यवस्थेचा कणा होय. प्रसूती, शवविच्छेदन, साथीचे रोग, कुटुंबनियोजन, सर्पदंश आणि वारीच्या दिवसांत वारकऱ्यांची सेवा हे सर्व त्याच्याकडे. आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत मुलांचा भरणा नित्याचाच.

शहरातून खेड्याकडे : पालघर, कासा, गडचिरोली

ही त्रुटी प्रथम ओळखली ती बालरोगशास्त्रातीलच काही अध्यापकांनी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. पी. एम. उडाणी व डॉ. पी. एम. शाह ह्यांनी १९६० च्या दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघरच्या ग्रामीण वस्तीत जन्ममृत्यूंचा अभ्यास केला. रुग्णालयात न येता घरीच मरण पावणाऱ्या अर्भकांकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे १९७४ पासून डहाणू तालुक्यातील कासा येथे डॉ. शाह ह्यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बालक आरोग्य व पोषण प्रकल्प चालला. गावातीलच अर्धवेळ कार्यकर्त्यांनी मुलांची वजने घ्यावी, ती वाढीच्या तक्त्यावर नोंदवावी आणि धोक्यातील मुले वेगळी काढून त्यांच्याकडे अधिक लक्ष पुरवावे, ही त्या प्रकल्पाची पद्धती होती. वाढीचा तक्ता ही कल्पना डेव्हिड मॉर्ले ह्यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना विकसित केली होती. त्यांचा विकसनशील देशांतील बालवैद्यकाच्या अग्रक्रमांविषयीचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९८८ पासून तेथे आरोग्यसेवक, गावपातळीवरील कार्यकर्ते व सुइणी ह्यांना मुलांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व प्रतिजैविक देण्यास शिकविण्यात आले. त्यायोगे बालमृत्यूत झालेली घट १९९० साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात नोंदली गेली. त्यानंतर ३९ गावांत नवजात बालकांची घरोघर देखभाल करण्याचा प्रयोग झाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते.

ह्या प्रयोगांचे सार्वजनिक आरोग्यातील महत्त्व सुविदित आहे. वैद्यकशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या देशव्यापी नियमांत बालरोगशास्त्र हा अंतिम परीक्षेचा स्वतंत्र विषय झाला तो १९९७ साली. म्हणजे एम. बी. बी. एस. होऊ घातलेल्या विद्यार्थ्याची बालरोगांत स्वतंत्र परीक्षा घेणे देशभर बंधनकारक होण्यापूर्वी नऊ वर्षे गडचिरोलीतील अल्पशिक्षित सुईण श्वास मोजून न्यूमोनियाचे निदान करीत होती. सुईण डॉक्टरहून अधिक जाणत होती असा ह्याचा अर्थ नव्हे. एखादे कौशल्य नेमके निवडून, ते जेथे वापरावयाचे तेथेच शिकविले, तर ते थोड्या काळात साध्य होते, आणि मोठ्या अभ्यासक्रमात विखुरलेले राहिले तर दीर्घकाळही हाती लागत नाही, असा त्याचा अर्थ होय.

ह्याच जाणिवेतून जागतिक आरोग्य संघटनेची बालरोगांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धती निघाली. भारताने २००३ च्या सुमारास ती स्वीकारताना तीत पहिल्या आठवड्यातील अर्भकांचाही समावेश केला आणि नवजात बालकांवर अधिक भर दिला. दोन महिन्यांखालील अर्भकाचा श्वास मिनिटास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ह्या वयात ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ह्या वयात ४० वा अधिक असल्यास तो जलद समजावा, हा त्या पद्धतीतील नियम घड्याळ असलेल्या कोणासही पाळता येतो. जन्मतः श्वास न घेणाऱ्या अर्भकास सावरण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण देणारा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला.

इंग्लंडमधील एक अनुभव

हा दुरावा केवळ भारतापुरता नव्हता. इंग्लंडमध्ये सामान्य व्यावसायिकांचे महाविद्यालय १९५२ साली स्थापन झाले होते व तेथील आरोग्यसेवेत प्रत्येक कुटुंब एका सामान्य वैद्याशी जोडलेले होते. तरीही मुलांच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या कोर्ट समितीस १९७६ साली असे आढळले की, मुलांना प्रथम पाहणाऱ्या वैद्यांचे बालरोगांतील शिक्षण अपुरे आहे. समितीने सुचविलेला उपाय असा होता की, सामान्य वैद्यांपैकीच काहींनी बालरोगांचे विशेष शिक्षण घेऊन परिसरातील मुलांची प्राथमिक जबाबदारी स्वीकारावी. ही सूचना मान्य झाली नाही. कुटुंबातील मूल निराळे काढून दुसऱ्या वैद्याकडे सोपविले तर कुटुंबवैद्यकाचा गाभाच जाईल, असा सामान्य वैद्यांचा आक्षेप होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे सामान्य व्यवसायासाठी तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण बंधनकारक झाले आणि रुग्णालयाबाहेर, प्रत्यक्ष दवाखान्यात अनुभवी वैद्याच्या हाताखाली घालविलेला काळ हा त्याचा अनिवार्य भाग ठरला.

दवाखान्यात शिकण्याचा हा आग्रह केवळ परंपरेपोटी नव्हता. अमेरिकेतील केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडलेले एक गणित त्यामागील तर्क स्पष्ट करते. एक हजार प्रौढ माणसे घेतली तर एका महिन्यात त्यांपैकी ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात, आणि विद्यापीठीय रुग्णालयात केवळ एक पोचतो. हे आकडे प्रौढांचे व अमेरिकेतील आहेत. तथापि त्यांतून निघणारे तत्त्व मुलांसही लागू पडते. वैद्यकीय विद्यार्थी जे रुग्ण पाहून शिकतो ते हजारातून गाळून आलेले असतात. वॉर्डातील प्रत्येक मूल आजारी आहे हे आधीच ठरलेले असते. दवाखान्यात मात्र सर्दी-तापाच्या अनेक मुलांतून ज्या एकास मेंदूज्वर वा न्यूमोनिया आहे ते ओळखावयाचे असते. ही दोन निराळी कौशल्ये असून पहिल्यात प्रवीण झाल्याने दुसरे आपोआप येत नाही.

निवासी शिक्षणाचा प्रश्न

१९७५ साली सुरू झालेल्या व १९८२ साली स्वायत्त झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने सामान्य वैद्यकात, पुढे कुटुंबवैद्यक ह्या नावाने, पदव्युत्तर परीक्षा ठेवली. तिचे निवासी विद्यार्थी रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांतून फिरतात व बालरोग विभाग त्यांपैकी एक असतो. वैद्यकीय महाविद्यालयात कुटुंबवैद्यकाची एम. डी. पदवी देण्याचा पहिला उपक्रम केरळातील कोझिकोड येथे २०१० च्या दशकाच्या आरंभी झाला. २०२० साली परीक्षा मंडळाने दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्यांत कुटुंबवैद्यक व बालरोग ह्या दोन्ही विषयांचा समावेश आहे; पण १९६३ प्रमाणेच त्या दोन निराळ्या वाटा आहेत.

फिरतीच्या काळाची लांबी हा नेहमी वादाचा विषय होतो. १९९७ च्या नियमांनुसार पदवीनंतरच्या आंतरवासितेत बालरोगांसाठी एक महिना होता. निवासी शिक्षणात तो काळ अर्थातच वाढतो. परंतु वरील इतिहास ध्यानी घेता केवळ महिन्यांची बेरीज वाढविल्याने प्रश्न सुटेल असे दिसत नाही. कुटुंबवैद्यकाचा निवासी विद्यार्थी बालरोग विभागात बहुधा कनिष्ठ मदतनीस म्हणून राबतो. दुर्मीळ रोगांची मुले पाहतो, शिरेतून सलाइन लावण्यात निपुण होतो. आईस ओ. आर. एस. कसे पाजावे हे समजावणे, वजनाच्या तक्त्यावरील आडवी पडलेली रेषा वेळीच पाहणे, स्तनपानातील अडचण सोडविणे आणि तीन दिवसांनी मूल परत आले नाही तर त्याच्या घरी निरोप धाडणे, ही कामे त्या विभागात त्याच्या वाट्यास क्वचितच येतात.

बालरोगतज्ज्ञांच्या बाजूने ह्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. अर्धवट शिकलेला वैद्य मूल स्वतःजवळ ठेवून घेईल आणि अमूल्य वेळ जाईल. त्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञांची संख्या वाढविणे बरे. तज्ज्ञांची संख्या वाढावी ह्याविषयी दुमत नाही. तथापि तज्ज्ञ इंदापुरास वा बारामतीस असला तरी त्याच्याकडे जावयाचे की नाही, हा पहिला निर्णय गावातच होतो. ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. त्यांच्या मुलांचे लसीकरण स्थलांतरात खंडित होते, आईस पहाटेपासून फडात जावे लागते, आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरीचे नुकसान असते. अशा मुलास शहरात नेण्याचा सल्ला योग्य वेळी देणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो विनाकारण न देणेही महत्त्वाचे आहे. ह्या दोहोंचा विवेक हेच कुटुंबवैद्याच्या बालरोगशिक्षणाचे मुख्य साध्य होय. आणि तो विवेक आला म्हणजे तज्ज्ञांनी भीती घातलेला अतिविश्वासही आपोआप आटोक्यात राहतो.

उपलब्ध संधी

बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली सुरू झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिक्षणकाळात तीन महिने जिल्ह्यातील आरोग्यव्यवस्थेत काम करावे, असा नियम राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या तुकडीपासून लागू करण्यात आला. भोर समितीच्या काळी शिक्षणाचे ठिकाण आणि सेवेचे ठिकाण ह्यांत जे अंतर होते, ते इंदापूर व बारामती ह्या तालुक्यांपुरते तरी आता एका दिवसाच्या येण्याजाण्याचे राहिले आहे. निमगाव केतकीसारख्या केंद्रात निवासी विद्यार्थ्यास बालरोगांचे काही महिने घालविता आले, आणि त्याच्यावर देखरेख करण्यास महाविद्यालयातील बालरोगाचा अध्यापक ठरलेल्या दिवशी तेथे आला, तर पालघर व कासा येथे अध्यापकांनी जे केले त्याचीच ती पुढची पायरी ठरेल. तेथे त्याला आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका ह्यांच्याबरोबर नवजात बालकांच्या घरी जाता येईल. महाराष्ट्रात ज्यांना हे काम आधी शिकविले गेले, त्यांच्याकडून काही शिकण्याचीही संधी त्यास मिळेल.

नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते. १९३७ च्या १६२ शी तुलना करता ही प्रगती थोर आहे. आता उरलेल्या मृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील आहे, आणि त्या दिवसांत रोगाची गती तासांत मोजावी लागते. लस, पोषण व स्वच्छता ह्यांनी पूर्वीची घट पुष्कळ अंशी साधली. पुढील घट प्रथम भेटणाऱ्या वैद्याच्या निर्णयावर अधिक अवलंबून राहील. १९६३ साली वेगळ्या झालेल्या दोन वाटा कुटुंबवैद्यकाच्या निवासी शिक्षणात एकत्र आणावयाच्या असतील, तर तो अभ्यासक्रम ज्या ठिकाणी हा निर्णय घ्यावा लागतो त्या ठिकाणी शिकविला गेला पाहिजे, असा निष्कर्ष ह्या इतिहासावरून निघतो.